पायथन की सी? आधी बोर्डाची मेमरी बघ

प्रश्न : मी तासगावची. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या द्राक्षबागेत डाऊनी (वेलीवर डाग पाडणारा रोग) येण्याआधी इशारा देणारं छोटं यंत्र प्रोजेक्ट म्हणून करायचंय. मैत्रिणी म्हणतात, एआय म्हणजे पायथनच. सर म्हणतात, सी भाषा पक्की कर. यूट्यूबवर रस्ट या भाषेचं कौतुक. पुण्यातला पायथन-एआयचा क्लास लावू का? फी बरीच आहे.

उत्तर : क्लास लावू नकोस. निदान आत्ता तरी नाही.

मैत्रिणी आणि सर दोघांचंही खरं आहे. मॉडेलला, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायचं काम लॅपटॉपवर होतं आणि तिथे पायथनशिवाय पान हलत नाही. पण बागेत तारेला बांधलेल्या डब्यात लॅपटॉप नसतो. तिथे असतो छोटा बोर्ड : आर्डुइनो उनो आर3 ची रॅम 2 केबी, ईएसपी32 ची 520 केबी. नेहमीचं पायथन तिथे मावतच नाही. मायक्रोपायथन, म्हणजे पायथनची छोटी आवृत्ती, ईएसपी32 वर चालतं, सेन्सर वाचायला झकास आहे, पण तेच बरीच मेमरी खातं आणि मॉडेलला जागा अपुरी पडते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायथन आरामात चालेल, मात्र बॅटरीवर तो बागेत किती टिकणार?

छोट्या उपकरणांवर मॉडेल चालवणारी लायब्ररी म्हणजे टेन्सरफ्लो लाइट (आता नाव लाइटआरटी). तिची मायक्रोकंट्रोलरसाठीची, म्हणजे अशा बोर्डांवरच्या चिपसाठीची, आवृत्ती सी++ मध्ये आहे. मॉडेलला लागणारी मेमरी तुला आधीच एका अ‍ॅरेत (मेमरीतल्या सलग कप्प्यांत) राखून द्यावी लागते. कमी पडली तर मॉडेल सुरूच होत नाही. 32 बिटांचे आकडे 8 बिटांवर आणले की मॉडेल साधारण पाव आकाराचं होतं, अचूकता थोडी घटू शकते. पॉइंटर, अ‍ॅरे, इंटिजरचा आकार हे हाताखालून गेलेलं नसेल तर इथे नुसतं कॉपी-पेस्ट होतं. म्हणून आधी सी. मग लायब्ररी वाचता येईल इतपत सी++. पायथन मॉडेल बनवताना जेवढं लागेल तेवढं शिकत जा, त्याला फुकटचं साहित्य भरपूर आहे. रस्ट चांगली भाषा आहे, पण चिप कंपन्यांची उदाहरणं अजून बहुतेक सीमध्येच असतात. नोकरी लागल्यावर बघ.

आता एक न विचारलेलं सांगतो. तुझ्या प्रोजेक्टला एआय लागेलच असं नाही. पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता आणि तापमान किती होतं, यावर तीन-चार इफ (‘असं असेल तर’ अशा अटी) लिहून इशारा देता येतो. आधी तेच लिही. मॉडेल त्याहून सरस ठरलं तरच ठेव, नाही ठरलं तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट मांड. मुलाखतीत मला तरी असा उमेदवार जास्त भावेल.

खरी अडचण भाषेची नाही, डेटाची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा डाऊनीचा काळ वर्षातून एकदाच येतो, तो हुकला की वर्ष गेलं. त्यामुळे सेन्सर छाटणीआधीच बसव आणि दर पंधरा मिनिटांची नोंद एसडी कार्डवर जाऊ दे. डाऊनी नेमकी कधी दिसली हे मात्र सेन्सर सांगणार नाही. वडिलांकडे फवारणीची वही असेल, निर्यातीची बाग असेल तर असतेच. फवारणीच्या तारखेशेजारी पहिला डाग कधी आणि कुठल्या ओळीत दिसला, तेही त्यांना लिहायला सांग.