वाचकांचे प्रश्न : एन-२१० आणि रुसलेली लॅन

प्रश्न : सर, आमच्या लॅबमधला यूएसआरपी एन-२१० (लॅन केबलने जोडून संगणकावरून चालवायचा रेडिओ) जुन्या डेस्कटॉपवर नीट चालायचा. तो डेस्कटॉप बंद पडला, म्हणून मी माझा उबंटूवाला लॅपटॉप आणला. त्याला लॅन पोर्ट नाही, तेव्हा यूएसबी-लॅन ॲडॉप्टर घेतला. आता ‘नो यूएचडी डिव्हाइसेस फाउंड’ एवढंच येतं (यूएचडी म्हणजे तो चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर), पिंगही लागत नाही, म्हणजे हाक मारली तर उत्तर येत नाही. मित्र म्हणतो, फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नव्याने टाकू. टाकू का? — एक विद्यार्थी, ई अँड टीसी, शेवटचं वर्ष, सांगली

उत्तर : नको. एन-२१० मध्ये फर्मवेअर जातं ते याच लॅनवरून. लॅपटॉप डब्यापर्यंत पोचतच नसेल, तर ते टाकणार कुठून? कीबोर्ड जरा बाजूला ठेवा आणि डब्याकडे बघा. पुढच्या बाजूला ए ते एफ असे दिवे आहेत. त्यातला डी लागला म्हणजे फर्मवेअर चढलंय, एफ लागला म्हणजे सीपीएलडी, म्हणजे आतली एक लॉजिक चिप, चढलीय. दोन्ही लागले असतील तर डबा शाबूत आहे.

आता लॅन पोर्टचे दिवे बघा. ते विझलेले असतील, असा माझा दाट संशय आहे. एन-२१० फक्त गिगाबिटवर बोलतो. १०० मेगाबिटच्या पोर्टशी तो हळू वेगाने जुळवून घेत नाही, लिंकच धरत नाही. तुमच्या ॲडॉप्टरच्या खोक्यावर ‘१०/१००’ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर दुखणं सापडलं. ‘१०/१००/१०००’ वाला आणा आणि तो यूएसबी ३ पोर्टात लावा. तो मिळेपर्यंत मध्ये गिगाबिट स्विच टाकलात तरी ओळख पटेल. वेग मात्र १०० मेगाबिटच्या आतच राहील.

ॲडॉप्टर गिगाबिटचा असूनही दिवे लागत नसतील तर केबल हातात घ्या. तिच्या पारदर्शक प्लगमधून आठही रंगीत तारा दिसायला हव्यात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, म्हणून चार तारांच्या केबल सर्रास फिरत असतात, आणि त्यांच्यावर इंटरनेट बिनबोभाट चालतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आमच्या लॅबमध्ये मी एक खात्रीची कॅट-५ई केबल लाल चिकटपट्टी गुंडाळून वेगळी ठेवलीय. शंका आली की मुलांनी आधी ती लावायची, असा नियमच आहे.

दिवे लागले की पत्त्याकडे वळा. कारखान्यातून येताना एन-२१० चा पत्ता १९२.१६८.१०.२ असतो. उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ ‘मॅन्युअल’ करा, पत्ता १९२.१६८.१०.१, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे रिकामा. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलंत तर लॅपटॉप डीएचसीपीची, म्हणजे समोरून आपोआप पत्ता मिळण्याची, वाट बघत बसेल. हा डबा कुणाला पत्ते वाटत नाही. आधीच्या एखाद्या बॅचने पत्ता बदलून ठेवला असेल, तर झाकण उघडून आतलं एस-२ बटण दाबून धरा आणि वीज चालू करा. सेफ मोडमध्ये तो मूळ पत्त्यावर येतो. हे मात्र लॅबच्या सरांना विचारून करा. महागडी वस्तू आहे.

पिंग लागतोय पण यूएचडीला डिव्हाइस सापडत नाही, असं झालं तर फायरवॉल तपासा. यूएचडी ब्रॉडकास्ट करून, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम, ‘कोणी आहे का’ असं विचारतं, आणि उत्तर येतं ते डब्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून. त्या पत्त्याला आपण काही विचारलंच नव्हतं, असं समजून फायरवॉल ते टाकून देते. सोर्स पोर्ट ४९१५२ असलेली यूडीपी पॅकेट्स आत येऊ द्या. किंवा शोधायला न सांगता, ॲड्रेस म्हणून थेट १९२.१६८.१०.२ द्या.

प्रश्न : एन-२१० सापडतो, पण २५ मेगासॅम्पलला टर्मिनलवर इंग्रजी ओ आणि डी अक्षरांची रांग लागते. मला फक्त एफएम ऐकायचंय. केबल बदलू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : केबल राहू द्या, आधी रेट उतरवा. एक सॅम्पल, म्हणजे सिग्नलचं एक मोजमाप, ४ बाइटचा. सेकंदाला २५ दशलक्ष सॅम्पल म्हणजे ८०० मेगाबिट झाले, गिगाबिट लाइन जवळजवळ भरली. ओ आला की समजा, संगणकाला आलेला माल वेळेत उचलता येत नाहीये. डी म्हणजे पॅकेट वाटेतच गळालं. विविध भारतीच्या १०१ मेगाहर्ट्झसाठी १ मेगासॅम्पल भरपूर झाला, म्हणजे जेमतेम ३२ मेगाबिट. एन-२१० चं घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं आहे, तेव्हा १०० ला पूर्ण भाग जाईल असाच रेट निवडा. सुरुवातीला रिसीव्ह बफरबद्दल (आलेला माल तात्पुरता ठेवायची जागा) ताकीद येत असेल तर लिनक्समधली त्याची कमाल मर्यादा ५,००,००,००० बाइट करा. एवढं करूनही १ मेगासॅम्पलला डी येत राहिला, तर मधला स्विच काढून थेट जोडून बघा, आणि केबल बदलायची ती त्यानंतर.