ऑनलाइन मेमरी कार्ड आणि कॅमेऱ्याची बॅटरी घेताना बनावट माल कसा टाळावा?

तुम्हाला कॅननच्या कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचं कार्ड आणि जादा बॅटरी हवी आहे, आणि निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून मोह होतोय. मी लग्नांचे फोटो काढतो, म्हणून कार्डापासून सुरुवात करतो. बॅटरी दगा देते तेव्हा निदान तिथल्या तिथे कळतं, कार्डाचं तसं नाही.

बनावट कार्डात बहुधा ८ किंवा १६ जीबीची चिप असते, पण कंट्रोलर, म्हणजे कार्डातली कारभार बघणारी चिप, कॅमेऱ्याला बिनधास्त सांगतो, मी १२८चा आहे. फॉरमॅट होतं, फोटो निघतात, स्क्रीनवर दिसतातही. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात नाहीतर हवेत जातात. घरी येऊन बघावं तर फाइलींची नावं जागच्या जागी, उघडत मात्र बऱ्याचशा नाहीत. आता वधूवरांना काय सांगणार?

म्हणून नवं कार्ड आधी काठोकाठ भरून बघायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३, हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. ते कार्डभर डेटा लिहितात आणि परत वाचून ताडून बघतात. कार्डावर व्ही३० छापलेलं असेल तर त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लेखन. त्या वेगाने १२८ जीबी लिहायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, वाचायचा वेळ वेगळा. कार्ड संगणकाला जोडणारा रीडर मंद असेल तर आणखी. रात्री लावून झोपा, पण परत करायची मुदत संपायच्या आत. घेण्याआधी वेबसाइटवरच्या फोटोमध्ये कार्डाचं लेबलही झूम करून वाचा. एसडीएचसी या प्रकारचं कार्ड ३२ जीबीपर्यंतच असतं. ६४ किंवा १२८च्या कार्डावर एसडीएचसी छापलेलं दिसलं की पुढे बघायचं कारणच नाही.

बॅटरीच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली बॅटरी बनावट नसते, ती चांगली किंवा वाईट असू शकते. कॅननचं नाव लावून विकलेली दुसऱ्याची बॅटरी, ती बनावट. कॅननच्या अस्सल एलपी-ई६एनएच या बॅटरीवर २१३० एमएएच (बॅटरीची क्षमता) असतं. त्याच नावाने, त्याच आकारात कुणी ३००० देत असेल तर छपाई स्वस्त आहे एवढंच समजा. बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का, असं कॅमेराच विचारू लागला तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

आता खरेदीचं. वेबसाइट मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे दुकानं हजारो असतात. ‘विक्रेता’ या ओळीवर क्लिक करा, आणि तेच नाव कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत विक्रेत्यांत आहे का ते बघा. रिव्ह्यूंमध्ये एक-दोन स्टारवाले आधी वाचा. पाच स्टारवाले पार्सल हातात पडल्या पडल्या लिहिलेले असतात, कार्ड भरेपर्यंत थांबतो कोण!

पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असायलाच हवी. विक्रेता पैसे परत द्यायला टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बिल आणि टेस्टचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून.