चाळीसगावला नव्या घरात काचेचा गॅस हॉब बसवतोय. सिलिंडर खालच्याच कपाटात आणि जोडणी सुताराकडून, चालेल का?

ताई, हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, तिच्यासाठी ओट्याला भोक सुताराला किंवा ग्रॅनाइटवाल्याला पाडू द्या. गॅसची जोडणी मात्र तुमच्या एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. तुमचा सुतार म्हणतो ना, "मीच जोडी देस, काही नही व्हत", तसं बरेच जण म्हणतात. मी अमळनेरला २१ वर्षं शेगड्या दुरुस्त करतोय, आणि "काही नही व्हत" म्हणून झालेली कामं निस्तरण्यातच त्यातली निम्मी गेली असतील.

सिलिंडर कपाटात ठेवता येतो, पण बंद पेटीसारख्या कपाटात नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. गळला तर चिमणीकडे वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि फरशीलगत साचतो. आपले सुतार कपाटाच्या तळाला चार इंची पट्टी मारतात, झुरळं नकोत म्हणून दारंही घट्ट बसवतात. मग गळालेला गॅस जाणार कुठून? दाराच्या अगदी खालच्या कडेला जाळी हवीच, आणि वर आणखी एक. मागे एका घरी गेलो तर वर छान पितळी जाळी, खाली काहीच नाही. विचारलं तर म्हणाले, खालची कोणाला दिसते? त्याच कपाटात चिमणीचा आणि पाण्याच्या फिल्टरचा प्लगही होता. प्लग काढता-घालताना बारीक ठिणगी उडते, आणि ती नेमकी सिलिंडरच्या शेजारी. तुमच्या भिंती अजून उघड्या असतील तर तो बोर्ड आत्ताच ओट्याच्या वर घ्या, नंतर टाइल फोडायला लागतील.

मागे गॅलरी असेल आणि तिथे सावली असेल तर सिलिंडर बाहेरच बरा. सावलीचं मुद्दाम म्हणतोय, आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं! फक्त रबरी नळी भिंतीतून आत आणू नका. भिंतीच्या आत ती चिरली किंवा उंदराने कुरतडली तर कळणार कसं? भिंतीतून तांब्याची किंवा जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पाइप घ्यायची आणि आत, पटकन हात पोचेल असा कॉक बसवायचा.

नळी आयएसआय छापाची केशरी सुरक्षा नळीच घ्या. लांबी जास्तीत जास्त दीड मीटर, मध्ये सांधा नको, आणि ५ वर्षं झाली की बदला. साध्या शेगडीची नळी रोज डोळ्यासमोर असते, हॉबची मात्र ओट्याखाली अंधारात. हॉबचा तळ पत्र्याचा असतो. तासभर स्वयंपाक झाला की त्याला हात लावून बघा. नळी त्या पत्र्याला टेकून राहिली तर कडक होते, वाकवली की वाळलेल्या रबरबँडसारख्या चिरा दिसतात. ती खाली मोकळी लोंबली पाहिजे, पण पीळ न पडता.

भोकाचं माप हॉबच्या खोक्यातल्या कागदावरूनच घ्यायचं. एका ठिकाणी कारागिराने आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापाने ग्रॅनाइट कापलं, फट राहिली, ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली. पुढे नळी बदलायला मला बोलावलं तर हॉब उचलेचना. शेवटी छिन्नी घ्यावी लागली.

आता खास आपल्याकडची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी हॉबवर खापर, म्हणजे पुरणपोळ्या भाजायचं मातीचं भांडं, ठेवलं होतं. मी दुकानात होतो, नाहीतर ठेवू दिलं नसतं. खापर केवढं रुंद! बर्नरची आंच वर जायला जागाच नाही, ती सगळी खाली काचेवर वळली. तिसरी पुरणपोळी टाकली आणि फटाक्यासारखा आवाज होऊन काचेचा चुरा झाला. टफन्ड काच असल्याने खडीसाखरेसारखे दाणेच झाले, कोणाला लागलं नाही, पण पुरण गेलं. तेव्हापासून खापर अंगणातल्या चुलीवर. मोठी पातेली, रुंद तवे यांचंही तसंच, बर्नरपलीकडे फार पसरणारं भांडं काचेच्या हॉबवर नकोच. भरताचं वांगं भाजायचं असेल तर वर जाळी ठेवा, नाहीतर त्याचा रस बर्नरच्या भोकांत जळून बसतो आणि ज्योत एका बाजूनेच पेटते. खरं तर भरीत पऱ्हाट्यांवरचंच, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवरचं, पण फ्लॅटात कोण ऐकतंय.

हॉब अजून घेतला नसेल तर फ्लेम फेल्युअरवाला बघा. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर तो गॅस आपोआप बंद करतो, त्यासाठी जास्तीचे पैसे मी खुशाल देईन. ऑनलाइन मागवत असाल तर तो एलपीजीचाच आहे ना, हे बघून घ्या. पाइपलाइनच्या गॅसच्या हॉबचं जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, मोठं असतं, सिलिंडरवर लावला तर पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते.

जोडून झाल्यावर नॉब सगळे बंद, रेग्युलेटर चालू, आणि साबणाचं पाणी रेग्युलेटरपाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नॉबच्या खाली लावून बघायचं. बुडबुडा आला की गळती आहे. माझे उस्ताद काडी पेटवून बघायचे, त्यांच्या भुवया कायम अर्ध्याच असायच्या. नंतर कधी वास आलाच तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग १९०६ लावा, तो नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि साबणाची तपासणी तुमच्यासमोर होईपर्यंत सुताराला हॉबच्या कडेने सिलिकॉन भरू देऊ नका. गळती सापडली तर हॉब परत उचलावा लागतो.