‘कृष्णविवरातून’ की ‘कृष्णविवराचे’?

प्रश्न असा: ‘घटनाक्षितिजाजवळ कृष्णविवरातून किरणोत्सर्ग होतो’ हे वाक्य बरोबर आहे, की ‘उत्सर्जन’ म्हणावे?

मला विचाराल तर नामापेक्षा मोठा घोटाळा ‘-तून’ने केलाय. विहिरीतून पाणी, बिळातून उंदीर. ‘-तून’ आला की वस्तू आधी आत होती, मग बाहेर आली, असेच आपण ऐकतो. त्यात ‘विवर’ म्हणजे बीळच! पण घटनाक्षितिज म्हणजे कृष्णविवराची परतीची वाट नसलेली सीमा; तिच्या आतले काहीच, अगदी प्रकाशसुद्धा, बाहेर येत नाही. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी गणिताने मांडले ते वेगळे: प्रारण (रेडिएशन) उपजते ते क्षितिजाच्या बाहेर, त्याच्या आसपासच्या अवकाशात, पुंजीय (क्वांटम) परिणामांमुळे. त्याची ऊर्जा मात्र कृष्णविवराच्या वस्तुमानातून वळती होते (हा ‘-तून’ योग्य). माल दाराबाहेर तयार होतो आणि पावती घरमालकाच्या नावावर फाटते. म्हणून ‘कृष्णविवराचे प्रारण’ ही षष्ठी चोख बसते.

‘कृष्णविवरातून निघालेले क्ष-किरण’ हेही असेच. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचे म्हणून ओळखले जाणारे क्ष-किरण येतात ते भोवती गरगरणाऱ्या तापलेल्या वायूतून. तिथे षष्ठीसुद्धा नको, सरळ ‘भोवतालच्या वायूतून’ लिहावे.

आता नाम. ‘किरणोत्सर्ग’ म्हटले की युरेनियम नि चेर्नोबिल डोळ्यांपुढे येते. इथे कुठलेही अणुकेंद्र फुटत नाही. ‘उत्सर्जन’ क्रियेपुरते चालेल, पण शाळेत ‘उत्सर्जन संस्था’ म्हणून मूत्रपिंडाची आकृती काढलेल्यांना हसू आवरणार नाही. मराठी विश्वकोशात ‘प्रारण’ असते आणि पुढे कंसात ‘तरंगरूपी ऊर्जा’ असा खुलासा. खुलासा द्यावा लागतो, कारण शब्द बोलण्यात रुळला नाही. तरी इथे मी तोच घेईन.

आणखी एक, काळाबद्दल. ‘कृष्णविवरे आटत आहेत’, म्हणजे या प्रारणापायी वस्तुमान गमावत आहेत, असे सर्रास लिहितात. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान एका केल्व्हिनच्या कोट्यंशाहूनही कमी, आणि विश्वभर पसरलेले पार्श्वभूमी प्रारण सुमारे २.७ केल्व्हिनचे. म्हणजे आज त्याची आवक जावकीपेक्षा जास्त आहे. तेव्हा ताऱ्यांपासून बनलेल्या कृष्णविवरांसाठी ‘आटतील’ असा भविष्यकाळच वापरा.

‘घटनाक्षितिज’मधली घटना संविधानाची नव्हे, हे सांगायला नको, पण एका राज्यशास्त्रवाल्या मित्राला मला ते सांगावे लागले होते.