कोल्हापूरहून एका दिवसात धबधबे आणि गरम पाण्याचे झरे, दोन्ही होतं का?

होतंय की, आरामात होतंय. तुम्ही लिहिलंय की आइसलँडचे व्हिडिओ बघून डोक्यात बसलंय, एका दिवसात धबधबा पण आणि गरम पाणी पण, सोबत आईवडील आहेत, वडलांचे गुडघे दुखतात, आणि जुलैत जायचं म्हणताय. मी हा फेरा आईला घेऊन दोनदा केलाय म्हणून सांगतो, सगळं जमतंय फक्त जुलै सोडा.

कारण सांगतो. आपल्याला जवळचं गरम पाणी म्हणजे राजापूरजवळचं उन्हाळे गाव, आणि ते कुंड अर्जुना नदीच्या अगदी कडेला आहे. आम्ही पहिल्यांदा ऐन जुलैत गेलो, धबधबे काय विचारता, घाटात प्रत्येक वळणावर पांढरं पाणी, पण खाली पोचलो तर नदी दुथडी भरलेली, लाल गढूळ पाणी, कुंडाकडं जायची सोयच नव्हती. आई गाडीत बसून नुसतं बघत राहिली. परत येताना मांडुकलीला रस्त्यावर पाणी यायला लागलेलं, कसेबसे निघालो. गगनबावडा रोडला मांडुकली-किरव्याला पाणी आलं की रस्ता बंदच होतोय हे तुम्हाला माहीत असेलच. पुढच्या वेळी दसऱ्याच्या आधी गेलो, पाऊस ओसरलेला, धबधब्यांना पाणी होतं, कुंड निवळलेलं. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, हाच काळ धरा.

आता रस्ता. फुलेवाडी नाक्यावरनं बालिंगा करून कळ्याला यायचं, तिथं दोन फाटे फुटतात, एक बाजारभोगाव-अणुस्कुरा, दुसरा गगनबावडा. अणुस्कुऱ्यानं खाली उतरायचं आणि गगनबावड्यानं वर यायचं, परत कळ्यालाच मिळताय, म्हणजे एकच रस्ता दोनदा बघावा लागत नाही. सकाळी साडेपाचला घर सोडा. अणुस्कुरा घाटात आठच्या सुमारास धुकं वर सरकत असतंय आणि खाली अख्खं कोकण उघडं पडतंय, ती वेळ चुकवू नका. डबा घरनंच घ्या, भाकरी आणि खर्डा, वर घाटमाथ्यावर बसून खायला त्याच्यासारखं काही नाही. खाली पाचल, ओणी करत दहापर्यंत राजापूर.

उन्हाळे गावच्या कुंडाचं पाणी चाळीस डिग्रीच्या आसपास असतंय, म्हणजे पाय घातल्यावर पहिल्यांदा चटका वाटतोय आणि मिनिटभरात बरं वाटायला लागतंय. आईनं गुडघ्यापर्यंत पाय सोडले आणि दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही, नंतर म्हणाली अजून थोडा वेळ बसूया. गुडघेदुखी कायमची जाते वगैरे मी म्हणणार नाही, पण शेक बसतो तेवढा आराम नक्की मिळतोय. वडलांना बीपी असेल तर एकदम आत उतरवू नका, पाय सोडून बसू दे आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढा. साबण अजिबात नको, लोक तीर्थ म्हणून येतात तिथं. कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं धरू नका, एक जुनी चादर गाडीत ठेवा.

आणि हो, व्हिडिओत दाखवतात तसं उकळतं पाणी कारंज्यासारखं उडताना आपल्याकडं दिसणार नाही. आइसलँड हा जिवंत ज्वालामुखींचा देश आहे, जमिनीखाली थोड्या खोलीवरच तापलेला खडक. आपला सह्याद्री पण लाव्ह्याचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच गार झालाय. मग पाणी गरम कसं, तर पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतनं खूप खोल जातंय, आणि जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस डिग्री उष्णता वाढत जाते, तिथं तापून दुसऱ्या भेगेतनं वर येतंय. असे झरे कोकणात पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत एका रांगेत आहेत, वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, आरवली सगळे त्यातलेच. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरच्या आसपास, तुरळचं साठच्या, थेट झऱ्यात उतरणं शक्य नाही. पण ते सगळे लांब पडतात, एका दिवसात कोल्हापूरहून राजापूरच बरं, आणि म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं पाणी पण तिथलंच.

तिथनं राजापूरलाच धोपेश्वर, धूतपापेश्वराचं देऊळ. देवळाला लागूनच मृडानी नदीचा धबधबा आहे, वडलांना चढउतार फार न करता दिसतोय, म्हणून हा मी पहिल्या नंबरवर ठेवतो. चुनाकोळवणचा सवतकडा धबधबा मोठा आहे, फोटो भारी येतात, पण खाली उतरायला लागतंय आणि दगड शेवाळलेले, तुमच्यासाठी नको.

एकच्या सुमारास राजापूर सोडा. खारेपाटण, तळेरे, मग वैभववाडी रोडला नाधवडे. इथं मात्र थांबाच. महादेवाच्या देवळाजवळ उमाळा आहे, जमिनीतनं बारीक वाळू उडवत पाणी वर येत असतंय, बुडबुड बुडबुड, बघून वाटेल उकळतंय, हात घातला तर गार! सकाळी गरम पाण्यात बसलेलं माणूस दुपारी इथं हात घालतं तेव्हा चेहरा बघण्यासारखा असतोय. याच पाण्याची पुढं गोठणा नदी होते आणि तिच्यावरच नापण्याचा धबधबा, उन्हाळ्यात पण न आटणारा. आता तिथं काचेचा पूल पण झालाय. रविवारी गर्दी, शक्यतो मधल्या वारी जा.

चारला तिथनं निघा म्हणजे करूळ घाट उजेडात चढून होईल. हा घाट काँक्रीटच्या कामानं आणि दरडींनी बरेच महिने बंद होता, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी चालू आहे का विचारूनच घ्या, बंद असला तर भुईबावडा घाटानं वर या, फक्त तो अरुंद आहे, सावकाश. गगनबावड्याला चहा घ्या, उजेड उरला असेल तर पळसंब्याची ओढ्यातली कातळात कोरलेली देवळं बघा, नसेल तर सरळ घर, सातपर्यंत कोल्हापूर.

एकच गोष्ट राहिली, राजापूरची गंगा. उन्हाळे गावाच्या वरच्या बाजूला चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी, आणि अचानक एक दिवस भरून वाहायला लागतात. पूर्वी दर तीन वर्षांनी येते म्हणायचे, आता तसं काही ठरलेलं राहिलं नाही. तिच्या भरवशावर तारीख काढू नका, पण तुम्ही जायच्या वेळी गंगा आल्याची बातमी असली तर नापणे सोडा आणि अर्धा दिवस तिथंच काढा, आईवडलांना त्याचंच जास्त अप्रूप वाटेल.