पोलीस भरती: आधी ग्राउंड बघ

भावा, बारावी पास, वय १८ पूर्ण, उंची १६५ सेंमी असेल तर फॉर्म भर, पण छाती आधी मोजून घे, न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंमी जास्त लागते, बरीच पोरं तिथंच घरी जातात. ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यात १६०० मीटरचे एकट्याचे २०, म्हणून रोज पळ, आणि डांबरी रोडवर नको, नडग्या भरतात. गोळाफेकीच्या सरावाला गोळा ७.२६० किलोचाच घे, हलक्यावर सवय लावून काय उपयोग नाय. लेखीला गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, जीके. कागदपत्रं आत्ताच काढ, आरक्षणातून भरणार असशील तर नॉन क्रिमीलेअर दाखल्याची (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) मुदत कधी संपते ते बघ. सिलेक्शन झालं की ट्रेनिंग वेगळंच, पहाटे पीटी-परेड, दिवसा कायद्याचे तास.