घरातल्या रोपांचा दिवा: खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न : घरात ६० बाय ६० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये लेट्यूस लावायचं आहे. एका एलईडी दिव्याच्या खोक्यावर ‘१००० वॉट’ लिहिलंय, दुसऱ्यावर फक्त ‘५० वॉट’, आणि तोच महाग आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : ते ‘१०००’ आधी विसरा. बहुतेक वेळा ती आतल्या चिप्सची कागदोपत्री कमाल क्षमता असते, नाहीतर जुन्या दिव्यांशी केलेली तुलना. दिवा प्लगमधून प्रत्यक्ष किती वीज ओढतो ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. अनेकदा ते शंभर-सव्वाशे वॉटच निघतं. ल्युमेनवरही जाऊ नका. ते माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे, हिरव्या-पिवळ्या रंगाला झुकतं माप देणारं. रोपं मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला प्रकाश वापरतात आणि तो मायक्रोमोलमध्ये, म्हणजे प्रकाशकणांच्या संख्येत मोजतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). तेव्हा शोधायचा आकडा एकच : मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे खर्च झालेल्या प्रत्येक ज्यूल विजेमागे मिळणारा प्रकाश. २.५च्या वर असेल तर दिवा चांगला. १.५च्या खाली असेल तर तो फक्त बिल वाढवतो. हा आकडा कुठेच छापलेला नसेल, तर आमच्या मते तो दिवा घेऊच नये.

आता तुमच्या ट्रेचा हिशेब. लेट्यूसला दिवसाला दर चौरस मीटरला साधारण १४ मोल प्रकाश लागतो. दिवा १४ तास लावलात तर दर सेकंदाला, दर चौरस मीटरला २८० मायक्रोमोल हवेत. ट्रे ०.३६ चौरस मीटरचा, म्हणजे त्याला सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमोल. कडेने वाया जाणारा प्रकाश धरून १३० समजा. २.६च्या दिव्याला त्यासाठी ५० वॉट पुरतात, १.३च्या दिव्याला १०० लागतात. महिन्याला २१ युनिट विरुद्ध ४२. महाग दिव्याचे पैसे इथे वसूल होतात.

प्रश्न : जांभळा दिवा चांगला की पांढरा?

उत्तर : पांढरा, शक्यतो ६६० नॅनोमीटरच्या लाल चिप्स जोडलेला. जांभळ्यात रोप वाढतं, पण पान पिवळं पडलंय की कीड लागलीय, ते दिसतच नाही.

प्रश्न : दिव्याखालच्या मिरचीची वरची पानं पांढरट पडून कडा वर वळल्या आहेत. खत कमी पडतंय का?

उत्तर : आधी उंची तपासा. वरच्या पानाच्या पातळीवर हात धरा. हाताला चटका बसत असेल तर उष्णतेचा त्रास आहे. हात गार, तरीही दिव्याच्या अगदी जवळचीच पानं पांढरी आणि खालची हिरवीगार असतील, तर प्रकाश जास्त होतोय. दिवा १० सेंटिमीटर वर घ्या किंवा डिमर असल्यास एक-चतुर्थांश कमी करा. पांढरी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी फूट कशी येते ते बघा. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मात्र दिव्याचा दोष नाही, लोहाची कमतरता शोधा.

उलट प्रकार म्हणजे दोन पेरांत लांब अंतर, बारीक खोड, रोप दिव्याकडे कललेलं. तिथे दिवा खाली आणा.

प्रकाशाचा अंदाज घ्यायला मोबाइलमधलं लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं ॲप चालेल, पण पांढऱ्या दिव्याखालीच. लक्सला ६७ने भागलं की ढोबळ मायक्रोमोल मिळतात. २८०साठी सुमारे १९ हजार लक्स. ट्रेच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मोजा. कोपऱ्यात निम्माच प्रकाश भरत असेल तर एका बल्बऐवजी लांब पट्ट्यांचा दिवा बरा.

प्रश्न : दिवा रात्रभर चालू ठेवला तर वाढ लवकर होईल?

उत्तर : नाही. टोमॅटोची पानं सलग २४ तासांच्या प्रकाशात पिवळी पडतात. कलांचो, पॉइन्सेटिया यांना तर लांब, अखंड अंधार मिळाल्याशिवाय फुलंच येत नाहीत. टायमर लावा, आणि ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा डबा, पाण्याच्या पातळीच्या वर टांगा.